१०५ तास, ३३ मिनिटं आणि पहिलीचा वर्ग

विदर्भातल्या मास्तरणीला जून महिन्यात दोन फोन हमखास येतात. एक पुण्याहून, आतेबहिणीचा. "काय गं, तुमच्या सुट्ट्या अजून संपल्या नाहीत? मजा आहे बाई!" दुसरा मुख्याध्यापकांचा. "मॅडम, तेवढी वर्गखोली एकदा पाहून घ्या."

पहिल्या फोनचं उत्तर मला पाठ आहे. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात, ही काही आमच्यावर कोणी केलेली मेहेरबानी नाही. तुमच्याकडे पंधरा जूनला पाऊस येतो. आमच्याकडे पंधरा जूनला पावसाची बातमी येते. तोवर अकोला तव्यावरच असतं. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं. इतर ठिकाणी ते दंगलीसाठी लावायचे. आमच्याकडे दंगल एकट्या सूर्याने केली आणि जमावबंदी मात्र आम्हाला.

दुसऱ्या फोनला माझ्याकडे उत्तर नसतं. 'पाहून घ्या' हे शब्द ऐकायला साधे आहेत. मुलगी पाहून घ्या, म्हैस पाहून घ्या, तसंच खोली पाहून घ्या. पण आधीच्या दोन्हींत पाहिल्यावर नको म्हणायची सोय असते.

मी सांगते आहे ते २०२२ सालचं. त्या वर्षी मला पहिलीचा वर्ग मिळाला. पहिली मिळणं म्हणजे ज्या बदलीला बदली म्हणता येत नाही अशी बदली. शाळा तीच, हजेरीचं रजिस्टर तेच, पगार तोच. फक्त कालपर्यंत भागाकार शिकवणारी बाई आज नाक पुसायला शिकवते. त्यात ही पोरं कोरोनातली. त्यांचं अंगणवाडीचं वय सगळं टाळेबंदीत गेलेलं. शाळा त्यांनी पाहिली होती ती बाहेरून, कुलपासकट. तेव्हा ती पहिल्यांदा आत येतील तो दिवस कसा व्हायला हवा, याची चित्रं मी एप्रिलपासूनच मनात काढत होते. चित्रांत झुंबरं होती, पताका होत्या, आणि 'अ'ला डोळे लावलेले होते.

शनिवारी, ४ जूनला, मी अकोल्याहून बसने मूर्तिजापूर गाठलं आणि पुढे मिळेल त्या ऑटोने गावाकडे निघाले. हमरस्त्यावर भलतीच गडबड चालली होती. डांबराचे डंपर, पिवळी यंत्रं, रोलर, डोक्यावर टोप घातलेली माणसं, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. ऑटोवाला म्हणाला, "रात्रंदिवस चालू हाये मॅडम. जागतिक का काय थो रेकॉर्ड करून राह्यले म्हन्ते." मी मान डोलावली. वऱ्हाडात रस्त्याचा रेकॉर्ड म्हटला की माणूस खड्ड्यांचा समजतो. मीही तोच समजले.

शाळेत खिचडीवाल्या मावशी दारातच भेटल्या. "काहून येवढ्या उनाच्या आल्या जी मॅडम?"

"खोली पाहायला."

मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला माहीत आहे. दवाखान्यात नर्स नातेवाइकांकडे अशीच पाहते. "जा मंग," त्या म्हणाल्या, "पन हळू जा. गांधीनमाश्या हायेत."

आता खोलीबद्दल. खोली २० फूट बाय २५ फूट. दार उघडायला गेले तर ते ३५ अंशांवर अडलं. अंश मी अंदाजाने सांगत नाही. कधीतरी आमच्याकडे 'बाला' उपक्रम आला होता, म्हणजे इमारतीलाच शिकवायला लावायचं. कबीर वाजपेयी या वास्तुरचनाकारांची ही कल्पना, आणि खरोखर सुंदर. खिडकीच्या गजांवर अक्षरं वळवायची, पायऱ्यांवर अंक, खांबावर उंचीची पट्टी, आणि दाराखाली फरशीवर कोनमापक रंगवायचा. दार उघडता उघडता मूल कोन शिकतं. आमच्या दाराखाली ०पासून ९०पर्यंत झकास पिवळ्या रंगात अंश काढले आहेत. पण बिजागरी बसली आणि दार ३५च्या पुढे सरकेना. माझ्या मागच्या चौथीतल्या एका पोराला मी विचारलं होतं, काटकोन म्हणजे काय? तो म्हणाला, "दार मोडलं का काटकोन होते." मी त्याला पूर्ण गुण दिले.

३५ अंशांतून आडवी होऊन मी आत गेले. आत लग्न होऊन गेलेलं होतं.

खेड्यातली जिल्हा परिषद शाळा वर्षाचे दहा महिने शाळा असते आणि उरलेल्या दोन महिन्यांत जानोसा. वरपक्ष उतरवायला गावात दुसरी जागा कुठे असते? मला याचा राग येत नाही. ज्या पोरीला आपण बाराखडी शिकवली तिची सासरची मंडळी तिच्याच वर्गात झोपून गेली, यात एक प्रकारचा न्यायच आहे. पण झोपून गेलेल्यांनी फळ्यावर लिहिलं होतं : 'नवरदेवाकडील मंडळी. परवानगीशिवाय आत येऊ नये.' सुवाच्य अक्षर होतं. बहुधा आमचाच माजी विद्यार्थी असावा. फळ्याखाली मुंडावळीचा तुकडा, पत्रावळ्यांची चळत, पानाच्या पिचकारीचा एक नकाशा (साधारण चिली देशासारखा), आणि भिंतीवर चार हळदीचे पंजे.

फरशीची गोष्ट तर उत्खननाची आहे. सर्वांत खालचा थर ज्ञानरचनावादाचा. साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जायच्या, त्या काळातला. आमच्याकडूनही एक जीप गेली होती आणि परत आल्या आल्या सगळ्या फरशीवर १ ते १००चे चौकोन रंगवले होते. त्याच्यावरचा थर कोरोनाचा : अंतर राखून बसायची पांढरी वर्तुळं, ऑइलपेंटची, थेट ज्ञानरचनावादावर. आणि सगळ्यांत वर हळद. भिंतीवर 'विलगीकरण कक्ष' असा कागद होता. तो मी ओढला, खरवडला, ओला केला, त्याच्यावर तेल टाकलं. निघाला नाही. तो कोणत्या डिंकाने लावला होता हे मला कळलं असतं तर या लेखातले निम्मे प्रसंग घडले नसते.

जुने तक्ते कपाटामागे होते. उजळणीचा तक्ता उधईने खाल्ला होता, पण शिस्तीत : १ ते ३७ फस्त आणि ३८पासून पुढे शाबूत. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा ही प्रगती चांगली होती.

आणि या सगळ्यावर, फळ्याच्या बरोबर वर, गाडगेबाबांचा फोटो. बाबांचं लहानपण याच मूर्तिजापूर तालुक्यात मामाच्या घरी गेलं. सगळा महाराष्ट्र त्यांनी खराट्याने झाडून काढला; आणि इथे त्यांच्या फोटोच्या काचेवर बोटभर धूळ. मी आधी ती काच पुसली. पुसली ही चूकच केली, कारण नंतरचे तीन आठवडे ते स्पष्ट नजरेने माझ्याकडे पाहत होते.

बुधवारी, ८ जूनला, सकाळच्या पेपरात बातमी आली. ऑटोवाला खरं बोलत होता. अमरावती-अकोला मार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत तयार. गिनीज बुकात नोंद. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५.२७५ किलोमीटरचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू, ७ तारखेला संध्याकाळी ५ वाजता संपलं. ७२० माणसं.

नवरा म्हणाला, "७५ नाही गं, हे एका पदराचं मोजमाप आहे. दोन पदर धरले तर साडेसदतीसच." माझ्या नवऱ्याला कोणत्याही जागतिक विक्रमाला दोनने भागायची सवय आहे.

पण मला त्या बातमीने वेगळंच पछाडलं. मी शाळेत गेले, फळ्यावरच्या नवरदेवाकडच्या मंडळींना पुसलं आणि गणित मांडलं. ७५ हजार मीटर भागिले ६ हजार ३३३ मिनिटं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२ मीटर. माझी खोली २५ फूट लांब, म्हणजे साडेसात मीटरच्या थोडी वर. त्या वेगाने माझा वर्ग ३९ सेकंदांत तयार व्हायला हवा. मान्य, त्यांच्याकडे ७२० माणसं होती. आमच्याकडे तीन : मी, मावशी आणि मुख्याध्यापक सर. व्यस्त प्रमाणाने ३९ गुणिले २४०. उत्तर, २ तास ३६ मिनिटं.

म्हणजे जेवायच्या सुट्टीआधी.

सरांना मी ते गणित दाखवलं. सरांनी चष्मा वर सरकवून पूर्ण तपासलं, 'मिनिटं'वरचा अनुस्वार ठीक केला आणि म्हणाले, "मॅडम, मला यात धरू नका. मला पोषण आहाराचा ताळा लावायचा आहे." मग ७२० भागिले २. मावशी म्हणाल्या, "मले बी नोका धरू. माह्या घरी पेरनी हाये."

उरले मी.

मी खरं तर तक्त्यांच्या मागे एवढी लागले नसते. पण शेजारच्या गावच्या शाळेतल्या मॅडम व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवतात. शाळा उघडायला वीस दिवस असताना त्यांच्या वर्गाचा व्हिडिओ आला. गुलाबी भिंत. छताला लोंबणारे ढग. ढगांतून लोंबणारी अक्षरं. खिडकीत बाहुल्यांचा रंगमंच, आणि पार्श्वभूमीला बासरी. शेवटी कॅमेरा मॅडमच्या हसऱ्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी मुलगी म्हणाली, "आई, तू पाहिलंस हे त्यांना दिसतं." एवढंच नाही, कितव्यांदा पाहिलंस तेही दिसतं, असं नवऱ्याने वर घातलं. ते खोटं आहे हे मला नंतर कळलं, पण ती रात्र तर गेली.

दुसऱ्या दिवशी मी टिळक रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात उभी होते. दरवर्षी जूनमध्ये त्या दुकानात कमरेला पर्स लावलेल्या, हातात यादी घेतलेल्या, घामाने डबडबलेल्या बायका दिसल्या तर त्या शिक्षिका आहेत असं समजावं. नवरात्रात देवीला आणि जूनमध्ये कार्डशीटला, वऱ्हाडात गर्दी या दोनच वेळा खरी. आमच्यासारख्या, शंभरच्या आत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून शाळा अनुदान तेव्हा वर्षाला २५ हजारांपर्यंत. त्यात वीजबिल, खडू, झाडू, नळाची तोटी, रजिस्टरं आणि सगळी किरकोळ दुरुस्ती. त्यातून ढग विकत घ्यायचे म्हणजे पाणी बंद करावं लागलं असतं. तेव्हा ढग घरखर्चातून. दुकानदाराने बिल करता करता विचारलं, "मॅडम, वर्ग सजवून राह्यल्या का मंडप?"

माझी मुख्य कल्पना होती अक्षरगाडी. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून खोलीला वळसा घालून उजव्या कोपऱ्यापर्यंत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, काळ्या कार्डशीटचा वीतभर रुंद लांबलचक पट्टा. हा रूळ. त्यावर पांढऱ्या रंगाने मधोमध तुटक रेघ. त्यावर इंजिन आणि मागे अक्षरांचे डबे. इंजिनावर मी मोठ्या प्रेमाने नाव लिहिलं, 'शकुंतला'. मूर्तिजापूरचं माणूस गाडीला दुसरं काय नाव देणार? मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ, अशी ती अरुंद रुळांची झुकझुक गाडी पिढ्यान् पिढ्या कापूस आणि पाहुणे वाहत होती. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, शकुंतलेतून उतरून रानात जाऊन बोरं खाऊन परत चढता येतं.

सरांनी इंजिन पाहिलं. "मॅडम, शकुंतला बंद पडली आहे."

"माहीत आहे सर. आठवण म्हणून."

"तसं नाही. शुभ नाही दिसत."

मी दुर्लक्ष केलं. शासनाच्या परिपत्रकात शुभाशुभाबद्दल काही नसतं.

पट्टा लावण्याची हकीकत मी थोडक्यात सांगते, कारण ती एकच आहे आणि सहा वेळा घडली. सकाळी लावायचा. दुपारी दोनच्या सुमारास, पत्र्याखाली हवा तापली की, भिंतीचा चुना सुटायचा आणि डब्यांसकट 'क' ते 'म' खाली यायचे. चिकटपट्टी लावली, ती उन्हाने वितळून भिंतीवर उरली, गाडी तेवढी पडली. डिंक लावला; मुंग्या आल्या. फेविकॉल लावलं; चांगलं चिकटलं, पण पोपडा भिंतीपासून सुटला आणि गाडी पोपड्यासकट पडली. मावशींनी कणकेची खळ करून दिली. रात्री उंदरांनी 'त' ते 'न' खाल्ले. खिळे मारावेत तर भिंत म्हणजे रेती. खिळा आत जायचा तो थेट पलीकडच्या तिसरीच्या वर्गात निघायचा. शेवटी मी 'विलगीकरण कक्ष'च्या कागदावर 'र' चिकटवला. एकटा 'र' तेवढा महिनाभर टिकला.

एवढ्यात मेळावा आला. त्या वर्षीपासून 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा सुरू झाला होता, एप्रिलमध्ये एक आणि शाळा उघडताना एक. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी सात टेबलं मांडायची : नोंदणीचं, शारीरिक विकासाचं, बौद्धिक विकासाचं, भाषेचं, गणनपूर्व तयारीचं, सामाजिक-भावनिक विकासाचं आणि आयांना मार्गदर्शन करायचं. कल्पना मला मनापासून आवडली होती. आईला पोराच्या शिकण्यात ओढणं हे आम्ही फार उशिरा सुरू केलं. पण शाळेत टेबलं दोन. एक सरांचं, त्यावर ताळा. दुसऱ्याचा एक पाय विटेचा. मग ग्रामपंचायतीचं एक, दूध डेअरीचं एक, मावशींचा पाटा उलटा घालून एक, आणि सामाजिक-भावनिक विकास तांदळाच्या पोत्यावर. आया मात्र आल्या चारच. मृग बरसून गेला होता आणि सगळं गाव वावरात होतं. मावशी म्हणाल्या, "पेरनी सोडून कोन येते मॅडम? सोयाबीन काय मेळाव्यापुरतं थांबते?" थांबत नाही हे मलाही कळतं. मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण तेव्हा मला असं वाटत होतं की त्या रस्त्यासाठी ७२० माणसं उभी राहिली आणि माझ्या खोलीसाठी कपाशी आडवी आली.

२५ तारखेच्या रात्री मी घरी जमिनीवर बसून 'ज्ञ'चा डबा तिसऱ्यांदा रंगवत होते. ('ज्ञ'चं काय काढायचं हा पहिलीच्या शिक्षकाचा जन्माचा प्रश्न आहे. ज्ञानेश्वर सोडले तर त्या अक्षराचं पहिलीच्या पोराच्या ओळखीचं कोणी नाही.) नवरा पलंगावर फोन चाळत होता. तो अचानक म्हणाला, "ऐक. अमेरिकेतलं आहे. पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ. ॲना फिशर म्हणून बाई आहेत, २०१४ सालचं संशोधन. बालवर्गातली २४ मुलं. एका खोलीत भिंती तक्त्यांनी भरलेल्या, दुसऱ्यात भिंती उघड्या. शिकवणं तेच."

"मग?"

"भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे. उघड्या खोलीत २८.४. आणि चाचणीत बरोबर उत्तरं, भरलेल्या खोलीत ४२ टक्के, उघड्या खोलीत ५५."

कूलरचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

"भलतीकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"तक्त्यांकडेच असेल."

"म्हणजे माझ्या तक्त्यांकडे पाहणं हे भलतीकडे पाहणं?"

नवऱ्याने यालाही दोनने भागून पाहिलं, पण फरक पडला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे तीन आठवडे, टिळक रोडचं बिल, सहा वेळा पडलेली शकुंतला आणि शेजारच्या मॅडमचे ढग येऊन गेले. ढगांचं आठवून मात्र थोडं बरं वाटलं. त्यांच्या मुलांचं लक्ष नक्कीच ६० टक्के भलतीकडे जात असणार.

झोप आली नाही. डी.एड.ला असताना वाचलेल्या ताराबाई मोडक आठवत राहिल्या. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी आमच्या अमरावतीत संसार केला होता, हे कळल्यापासून मला त्या घरच्या वाटतात. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पोरांसाठी अंगणात शाळा भरवली. आणि पोरं गुरं घेऊन कुरणात जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गारगोट्या, शिंपले, पानं, काड्या हेच साहित्य. रात्री एक वाजता मला त्यातली वेगळीच गोष्ट भावली. कुरणाला भिंत नसते. भिंत नाही तर पोपडा नाही, गांधीलमाशी नाही, चिकटपट्टी नाही. ताराबाईंच्या थोरवीचं हे कारण कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही, पण मला ते त्या रात्री पटलं.

तरी २६च्या रविवारी मी जाऊन गाडी सातव्यांदा लावली. माणूस संशोधनाने सुधारत नाही.

सोमवारी, २७ जूनला, शाळा उघडली. रात्रभर पाऊस पडून गेला होता. पहिलीची नवी चौदा पोरं सजवलेल्या बैलगाडीतून आली. त्यांच्यापैकी अर्धी रडत, उरलेली बैलांकडे पाहत. दारात त्यांना गुलाबाची फुलं दिली, औक्षण केलं. मग कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून प्रत्येकाच्या पहिल्या पावलाचा ठसा कोऱ्या कागदावर घ्यायचा होता. तेरा ठसे उत्तम आले. चौदाव्याने पाय बुडवला आणि कागद चुकवून थेट वर्गात पळाला. त्याच्यामागे बाकीचे तेरा. ज्ञानरचनावादाच्या, कोरोनाच्या आणि हळदीच्या थरावर आता कुंकवाचा चौथा थर बसला.

मी पाव्हण्यांना, म्हणजे सरपंच आणि केंद्रप्रमुखांना, चहा द्यायला पाच मिनिटं सरांच्या खोलीत थांबले. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्या अक्षरगाडीबद्दल ऐकलं. पाहू या." मी म्हटलं, चला. मनात बासरी वाजत होती.

दार ३५ अंशांपर्यंत उघडलं. केंद्रप्रमुख ५५ अंशांचे आहेत. ते बाहेरच राहिले आणि मान आत घातली.

वर्गात रडण्याचा आवाज नव्हता. मला आधी तेच चमत्कारिक वाटलं. मग भिंत दिसली. भिंत रिकामी होती. पावसाची ओल आली होती आणि शकुंतला इंजिनासकट उतरली होती. तेरा डबे कोपऱ्यात एकावर एक रचलेले होते आणि त्यांच्यावर एक मुलगी बसली होती. 'ज्ञ' तिच्या खाली. भिंतीवर उरला होता एकटा 'र', विलगीकरणात.

काळा पट्टा फरशीवर होता. तो त्यांनी खोलीभर लांब अंथरला होता, अगदी सरळ, तुटक पांढरी रेघ वर येईल असा. दोघं पट्ट्याच्या कडा हाताने दाबत होते. एक जण माझा खडूचा डबा आडवा लोटत होता आणि तोंडाने घर्रर्र करत होता. एकाने डोक्यावर पत्रावळ घातली होती आणि तो काहीच करत नव्हता, कमरेवर हात ठेवून पाहत होता. तो बहुधा इंजिनियर. ही सगळी हमरस्त्याकडेच्या घरांतली पोरं. जूनच्या त्या पाच दिवसांत ती सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेला उभी होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पट्टा उचलायला पुढे झाले तसा पत्रावळवाला जोरात ओरडला.

"ओ मॅडम! पाय नोका देऊ! डांबर ओलं हाये!"

मी थांबले. मागे केंद्रप्रमुखांनीही मान बाहेर घेतली.

"किती वेळ लागन?" मी विचारलं.

त्याने पट्ट्याच्या त्या टोकापर्यंत डोळे बारीक करून पाहिलं, खडूच्या डब्यावाल्याला हाताने जरा डावीकडे घेतलं, आणि म्हणाला, "तुमी जेवून या."